शालिकमामाची दोन बोटं

शालिकमामा गेले. शेवंती तोडता तोडता धुऱ्यावर, बगिच्याच्या बांधावर, टेकले ते उठलेच नाई. तेरवीले सारी आळी जेवून गेली, अन् जाता जाता दोघी-तिघी बाया शकुनमामीले बाजूले घेऊन इचारून गेल्या, "बाई, आता तरी खरं सांग, त्याइच्या हाताले तेच होतं ना?" माणसाची राख नदीत गेली, पन लोकाइच्या डोक्शातला किडा काई गेला नाई. म्हणून हे सारं एकदाचं सांगणं आलं. सहदेवकाकाइनंच म्हटलं, सांगा, माझं नाव घालून सांगा.

अकोल्याच्या जुन्या शहरात देवीच्या मंदिरासमोर मामाची हाराची बैठक होती. खाली पोतं, पुढं ओल्या फडक्यात झेंडू, शेवंती, गुलछडी, अन् मागं मांडी घालून मामा. बगिचा बाळापूर रस्त्याच्या अंगाले, थोडासाच, पन फूल घरचं. बाजूले लागूनच सहदेवकाकाची बैठक. दोघंबी माळ्याचे, दोघंबी एका वयाचे, अन् दिवसभर एकमेकाची टर उडवणं हाच त्याइचा खरा धंदा. गिऱ्हाईक सहदेवकाकाकडं वळलं का मामा म्हणत, "घ्या घ्या, फूल कालचं आहे पन पानी आजचं मारलं त्यानं." सहदेवकाका म्हणत, "अन् याचा हार भारी लागते तो फुलानं नाई, सुतळीनं."

मामाचा हात मोठा झपझप चाले. वीतभर सुई, तिच्यात दोरा, अन् बोटाच्या शेंड्यानं सुई रेटत जाचं. लहानपनापासून तेच काम. लग्नाचे हार, देवीचे हार, मेलेल्याचे हार, सगळे त्याच हातानं.

त्या हाताले, उजव्या पंजात, करंगळीच्या बाजूच्या बोटाच्या बुडाशी एक गाठ आली. चिंचोक्याएवढी. मामाले वाटलं, घट्टा पडला असन. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मंग तिथली कातडी आतमंदी ओढल्यावानी झाली, खळगा पडला. मंग कातडीखाली एक दोर ताठल्यावानी लागे. अन् मंग ते बोट हळूहळू वाकू लागलं, अन् त्याच्यामागं करंगळीबी. तोंड धुताना बोट डोळ्यात जाये. मामी इचारे, "डोळे काहून लाल झाले वो?" मामा म्हणत, साबण गेला.

लोकाइच्या ध्यानात आलं ते भजनात. मामाचे दोन्ही पंजे जुळतच नव्हते, तं टाळी कशी वाजन? पार्बताबाई म्हणून एक बाई होती आळीतली, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. ती सगळ्यासमोर म्हणे, "शालिकभाऊ, तुमची टाळी डब्ब्यावानी वाजून राह्यली बाप्पा." सगळे हासले. मामाबी हासले. पन पार्बताबाईची नजर हातावरून हटली नाई.

"दाखवा बरं. दुखते काय?"

"नाई दुखत."

"दुखतबी नाई?"

हे जे 'दुखतबी नाई' तिनं म्हटलं ना, ते मामाच्या काळजात काट्यावानी गेलं. आपल्या इकडं सगळ्याइले मालूम आहे, कोन्या रोगात बोटं वाकतात अन् दुखत नाई. नाव कोनी घेत नाई. 'ते' म्हणतात.

तवापासून मामा माणसाइचे हात पाहू लागले. कोन हार पंजात घेते अन् कोन दोऱ्याच्या शेपटाले धरून उचलते. एक बाई हार घेऊन गेली अन् देवळाच्या नळाखाली धरून उभी राह्यली. फुलं उन्हानं सुकली म्हणून का दुसऱ्या कशानं? एका घरचे लोक हरेक लग्नाच्या मुंडावळ्या अन् हार मामाकडूनच घेत, औंदा सहदेवकाकाकडं गेले. मामाले वाटलं, झालं, हे सहदेवचंच काम. तोंडावर हासते अन् मागून बोलते. सहदेवकाकाबी आताशा गप्प राहत. पह्यले मामाच्या चुन्याच्या डब्बीतून चुना घेत, तेबी सोडलं. बाह्या खाली सोडून बसत. मामानं मनात पक्कं केलं, हा मले भेऊन राह्यला.

एक दिवस बगिच्यात कोनी नव्हतं. मामानं हाराची सुई काढली अन् त्याच वाकल्या बोटाच्या शेंड्याले टोचली. काईच नाई. अजून रेटली. कातडीत गेली, पन लागली नाई, रगतबी नाई. बाजूच्या बोटाले टोचली, तिथंबी तसंच. मामा तिथंच वाफ्यात बसले. आता कोनाले इचाराचं राह्यलं नव्हतं, त्याइच्या मनानं निकाल लागला होता.

मनोज, त्याइचा पोरगा, त्याची लहानी पोरगी प्रणाली. तिले मामाच्या मांडीवर बसूनच जेवाची सवय. मामानं तिले मांडीवर घेणं सोडलं. ती आली का म्हणत, "नाई वो बाई, आंगाले माती आहे माझ्या." पोरगी पाय घासून रडे. मामानं आपला गिलास वेगळा केला, खाट ओसरीत टाकली. शकुनमामीले काही समजेना. तिच्या डोक्शात वेगळंच. एक दिवस जवळ येऊन तिनं त्याइचं तोंड हुंगून पाह्यलं.

"काय करून राह्यली?"

"पाहून राह्यली, दारू का काय."

"दारू नाई."

"मंग कोन आहे?"

"कोन म्हंजे?"

"ते मी इचारून राह्यली, कोन आहे ते."

मामाले हासावं का रडावं समजेना. या वयात बायकोनं बाईचा संशय घ्यावा. पन त्याइले वाटलं, घेऊ दे, तो संशय बरा, त्याच्यावर आळी वाळीत नाई टाकत.

मंग घरोघरी तपासणीवाले आले. आशाताई करिश्मा, तिच्या हातात खडू, दारावर खूण करत फिरे. आंगावर चट्टा आहे काय, बधिर आहे काय, इचारे. ती पुढच्या दारानं आली का मामा मागच्या दारानं बगिच्यात. शेवटी ती मामीले म्हणे, "मामी, साऱ्या आळीत एकटे तुमचेच मामा मले सापडत नाईत. काहून वो?" मामीच्या तोंडाचा रंग उतरला. तिले आता बाईचा संशय राह्यला नाई. दुसरा आला.

मामाले समजलं, आता दवाखाना चुकत नाई. पन अकोल्यात जावं तं कोनीतरी पाहीन. म्हणून त्याइनं घरी सांगतलं, "कौंडण्यपूरले जातो, रुक्मिणीले हार नवसाचा आहे." खरंच हार केला, पिशवीत घेतला, खोट्याले आधार पाहिजे ना. अन् यष्टीत बसून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले.

कातडीच्या डॉक्टरच्या दारासमोर बाकावर नंबर लागलेला. मामाच्या शेजारी एक माणूस तोंडाले दुपट्टा गुंडाळून बसलेला. ऊन नाई, धूळ नाई, अन् दुपट्टा. मामा त्याच्याकडं पाहे, तो भिंतीकडं पाहे. मंग तो खोकलला. ते खोकलणं मामानं अर्धं आयुष्य ऐकलेलं होतं.

"सहदेव?"

दुपट्टा हालला नाई.

"सहदेव, लेका, काढ ते."

सहदेवकाकानं दुपट्टा खाली केला. "तू इथं काय करून राह्यला?"

"मी कौंडण्यपूरले चाललो."

"कौंडण्यपूर या बाकावर आलं काय?"

"अन् तू?"

"मी बडनेऱ्याले पोरीकडं आहे."

"म्हंजे माझ्यामागं आला. पाहाले आला का याले काय निघते, अन् गावात सांगाले."

सहदेवकाका म्हणे, "मले वाटलं तू माझ्यामागं आला."

तेवढ्यात मामाचं नाव पुकारलं.

डॉक्टरीण तरणी होती, प्रियदर्शनी म्हणून. तिनं म्हटलं, "काका, हात टेबलावर ठेवा. सपाट." सपाट कशाचा राहते? पंजाखालून हवा जाये. तिनं ते बोट धरून सरळ करून पाह्यलं, नाई झालं. पंजातला दोर चाचपला, खळगा पाह्यला. मंग कोपराच्या आतल्या बाजूले बोट फिरवून काहीतरी शोधलं, दोन्ही हाताचं. इचारलं, सकाळी बोट अडकून टक् करून सुटते काय? नाई. सांधे सुजतात, ठणकतात? नाई. आंगावर फिक्का चट्टा? नाई.

मामानं म्हटलं, "बाई, कायले मेहनत घेता. मी सुई टोचून पाह्यली. काईच लागत नाई."

"कुठे टोचली?"

मामानं बोटाचा शेंडा दाखवला. तिनं तो उजेडात धरला. "तुम्ही काम काय करता?"

"हार ओवतो."

"किती वर्षं?"

"मिशा नव्हत्या तवापासून."

तिले हासू आलं. "अहो काका, ही कातडी आहे की चपलेचा तळ? इथे सुई टोचून मलाही काही कळणार नाही. डोळे मिटा. मी कापूस लावीन. जिथे लागेल तिथे बोट ठेवा."

मामानं डोळे मिटले. करंगळीच्या बाजूले काहीतरी हलकं लागलं, त्याइनं बोट ठेवलं. पंजाच्या मागं लागलं, ठेवलं. मनगटाशी, ठेवलं. मंग काईच नाई. मामा वाट पाहून राह्यले. काईच नाई. मामाले घाम सुटला. ही लावून राह्यली असन, अन् मले समजून नाई राह्यलं. हीच ती जागा. हेच ते. त्याइनं डोळे मिटूनच म्हटलं, "बाई, गेलं सगळं. काईच नाई लागत."

"मी लावतच नाहीये काका. मी लिहिते आहे. उघडा डोळे."

मंग तिनं नीट समजावून सांगतलं. म्हणे, त्या रोगात आधी जागा बधिर होते, कोपराची नस जाड होते, अन् बोटं वाकली तरी सुरुवातीले दुसऱ्यानं धरून सरळ करता येतात, कारण जोर गेलेला असते, बोट आखडलेलं नसते. तुमचं उलटं आहे. कापूस सगळीकडं लागला, नस बरी आहे, अन् बोट माझ्यानंही सरळ होत नाई, कारण पंजाच्या कातडीखालचा पडदा आखडून त्याचा दोर झाला. हे एकाचं दुसऱ्याले लागत नाई. काई घरात बापाकडून येते, काई साखर असली का जास्त दिसते. रगत तपासून घ्या. काम अडू लागलं तं ऑपरेशन होते.

तिथंच थेंबभर रगत काढून पाह्यलं, साखर निघाली. दुसऱ्या कोनाले रडू आलं असतं, मामाले आनंद झाला. बाहेर आले तवा आंगात कापूस भरल्यावानी हलके. तेवढ्यात सहदेवकाकाचं नाव पुकारलं. सहदेवकाका उठले अन् मामाचं मनगट धरलं.

"शालिक, तू बी चाल आत."

"मी कायले?"

"चाल."

आत सहदेवकाकानं बाही वर केली. दंडाखाली एक फिक्का चट्टा, हातावर दुसरा. त्याइची बोटं काठीवानी सरळ होती. डॉक्टरीण म्हणे, डोळे मिटा. तिनं तोच कापूस लावला. करंगळीले लावला, सहदेवकाका हालले नाई. हाताच्या बाजूले लावला, हालले नाई. चट्ट्यावर लावला. मामा उघड्या डोळ्यानं पाहून राह्यले होते, कापूस टेकलेला, अन् सहदेवकाका शांत बसलेले, त्याइले वाटे ही अजून लावाचीच आहे. मामाच्या तोंडाचं पानी पळालं. त्याइले वाटलं ओरडून सांगावं, लेका, ठेव ना बोट.

डॉक्टरीणनं सांगतलं, वेळेवर आले, बोटं अजून वाकली नाई. वर्षभर गोळ्या, फुकट भेटतात, पूर्ण बरं होते, गोळ्या सुरू केल्या का कोनाले लागतबी नाई. घरच्याइची तपासणी करून घ्या. पह्यली गोळी तिनं समोरच खाऊ घातली.

बसस्टॉपवर सहदेवकाका म्हणे, "आता सांगशीन तू."

"कोनाले?"

"साऱ्याइले. तुले तं आता मोकळं होता येते. म्हणशीन, माझं नाई, त्याचं आहे."

मामा म्हणे, "पान आण गोळ्याचं इकडं. तुझ्या घरी सून दर डब्बा उघडते. माझ्या सुयाच्या डब्ब्यात राहू दे. रोज बैठकीवर खात जाय, चहासोबत."

पिशवीतला हार तसाच होता. स्टॉपजवळ एका झाडाखाली शेंदराचा देव होता, त्याच्या गळ्यात घातला अन् दोघं यष्टीत बसले.

घरी आल्यावर मामानं मामीले आपलं सगळं सांगतलं. दोर ताठला, ते नाई, साखर आहे. मामी आयकून घेऊन म्हणे, "अन् कौंडण्यपूर? परसाद कुठं आहे?" मंग खोटं सांगतलं तेबी कबूल करा लागलं. तरी मामीले पटलं. प्रणाली परत मांडीवर आली. करिश्मालेबी मामानं हात दाखवला, अन् तिच्या कानात म्हटलं का सहदेवच्या गल्लीतली तपासणी जरा नीट कर बाई, सगळ्या घराची. काहून, ते सांगतलं नाई. तिनं केली. सहदेवकाका तवा बैठकीवर होते, त्याइच्या घरचे बाकी सगळे साफ निघाले.

आळीतल्या लोकाइले मामा हात टेबलावर ठेवून दाखवत, हा पाहा दोर, हा पाहा खळगा. काहीले पटलं. पार्बताबाई म्हणे, "असन बाप्पा. पन एवढे वर्स सहदेवभाऊबी हारच करून राह्यले ना, त्याइची बोटं कशी सरळ?"

मामा म्हणे, "तो हार कमी करते अन् गप्पा जास्त मारते. गप्पानं बोटं नाई वाकत."

सगळे हासले. सहदेवकाकाबी हासले, पन हासता हासता बाह्या मनगटावर ओढल्या.

इथवर बरं होतं. पन एक दिवस मामीले पदराले टाका माराचा होता, सुई पाहिजे होती. तिनं मामाचा डब्बा उघडला. सुयाच्या खाली गोळ्याचं पान. तिनं ते ओळखलं, करिश्मानं तपासणीच्या वेळी आळीत असंच पान दाखवलं होतं, हे वर्षभर खाल्लं का माणूस बरा होते म्हणून. मामी पान हातात धरून ओसरीत आली.

"हे काय वो?"

मामानं हातातला दोरा खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणे ते नाई. मंग हे काय?"

"माझ्या नाईत त्या."

"मंग कोनाच्या?"

"ते नको इचारू."

"तुमच्या डब्ब्यात, तुमच्या पिशवीत, अन् तुमच्या नाईत."

"शकुन, माझा हात बरा आहे. माझ्यावर भरोसा ठेव."

"कौंडण्यपूरले गेल्ते तवाबी ठेवला होता."

मामी चुलीपाशी गेली. त्या दिवशी प्रणालीले तिनं आपल्याजवळ जेवू घातलं. दुसऱ्या दिवशीबी. पोरगी हात लांब करे, 'आबा, आबा', अन् मामी तिले कडेवर घेऊन घरात जाये. मामा ओसरीत बसून भिंतीकडं पाहत. एक शब्द सांगतला असता तं सुटले असते. पन शकुनमामीची बहीण सहदेवकाकाच्याच गल्लीत दिलेली होती. बायको बहिणीले सांगीन, बहीण नळावर सांगीन, अन् सहदेवच्या बैठकीवर कुत्रं फिरकणार नाई. मामानं तोंड शिवून घेतलं.

मामी मातर शिवून बसणारी नव्हती. ती रोज मामा अंघोळीले गेले का डब्बा उघडून पाहे. पान कमी होत होतं. पन मामा घरी गोळी खात नव्हते, तिनं पाळत ठेवली होती, सकाळी अन् राती, ते झोपेपर्यंत. तिनं करिश्माले रस्त्यात गाठलं, आडून आडून इचारलं, "काय वो पोरी, त्या तुझ्या गोळ्याइनं माणसाले काई होते काय?"

"काई नाई मामी. लघवी लाल होते थोडी, अन् आंग काळं पडते. गोळ्या बंद झाल्या का मंग परत पह्यल्यासारखं होते."

मामी घरी येऊन मामाले न्याहाळत बसली. मामा हायेत तसेच, गव्हाळ. उलट साखरेचं पथ्य लागल्यापासून जरा उजळलेच होते. मामीचं चित्त काई थाऱ्यावर येईना. पान कमी होते, माणूस काळा होत नाई, हे कसं?

दुसऱ्या दिवशी ती मामाच्या मागून बैठकीवर गेली. देवळाच्या खांबाआड उभी राह्यली. चहावाला दोन कप ठेवून गेला. मामानं डब्बा उघडला, सुई काढल्यावानी केलं, अन् मूठ बाजूच्या बैठकीकडं सरकवली. सहदेवकाकानं इकडं-तिकडं पाह्यलं, तोंडात टाकलं, वर चहाचा घोट. मामीनं पह्यल्यांदाच त्याइच्याकडं नीट पाह्यलं. गाल, कपाळ, कान, सारे काळेठिक्कर पडलेले. आळी म्हणे, सहदेव उन्हात लय बसते.

मामी तिथूनच माघारी गेली. कोनाले काई बोलली नाई, बहिणीलेबी नाई. घरी जाऊन तिनं प्रणालीचं ताट वाढलं, पोरीले कडेवर घेतलं अन् परत बैठकीवर आली. पोरगी उतरली ती सरळ मामाच्या मांडीवर. मामा मामीच्या तोंडाकडं पाहत राह्यले.

"जेवू घाला तिले," मामी म्हणे. "माझे हात फुलाले पाहिजेत."

मंग ती दोघाइच्या मधात बसली, मामाचा डब्बा ओढून घेतला, सुई निवडली. झाकण लावता लावता, मान वर न करता, सहदेवकाकाले म्हणे, "भाऊजी, उद्यापासून गोळी मी आणत जाईन. उपाशीपोटी नोका खात जाऊ, पोट जळते. भाकर घेऊन येईन."

सहदेवकाकानं कप खाली ठेवला. त्याइनं मामाकडं पाह्यलं.

"मी नाई सांगतलं," मामा म्हणे.

"यानं नाई सांगतलं," मामी म्हणे, अन् झेंडूचं पह्यलं फूल सुईवर चढवलं. समोरून पार्बताबाई येऊन राह्यली होती. मामीनं तिले हाक मारली, "या बाई, हार घ्या. आज कोनाचा पाहिजे, याइचा का त्याइचा?"